वाचकांचे प्रश्न : ‘उशी’ कोणत्या गटात ठेवू?

गेल्या अंकात मी परक्या भाषेच्या शब्दांची कार्डं मोबाइलवर कशी करावीत याबद्दल लिहिलं होतं. ओघात एक वाक्य लिहून गेले : ‘फळांची, रंगांची, अवयवांची यादी करून शब्द पाठ करू नका.’ या महिन्यात आलेली जवळजवळ सगळी पत्रं त्या एका वाक्यावर आहेत. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून चारच पत्रं घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा देते आहे, कारण त्या मुलीची अडचण इतर अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत कळवली आहे.

*

आदरणीय बाई, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जर्मनीत नर्स म्हणून जायचं आहे, त्यासाठी जर्मनच्या ए-२ चा, म्हणजे दुसऱ्या पायरीचा क्लास चालू आहे. आंकी हे शब्दकार्डांचं ॲप वर्षभर वापरते. त्यात तेवीस डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे केलेत : फळं, भाज्या, रंग, वार, महिने, अवयव, फर्निचर, कपडे, नातेवाईक, हॉस्पिटल वगैरे. साधारण नऊशे कार्डं झाली. पण डेक उघडला की सगळं येतं आणि क्लासमध्ये मॅडमनी विचारलं की काही येत नाही. मंगळवार आणि गुरुवार अजून उलटसुलट होतात. कोपर म्हणायला जाते आणि तोंडात गुडघा येतो. ‘उशी’ हा शब्द घरातल्या वस्तूंमध्ये टाकू की हॉस्पिटलमध्ये, असल्या विचारात अर्धा तास जातो. तुम्ही म्हणता याद्या करू नका. मग गट करायचेच नाहीत का? आणि ही नऊशे कार्डं पुसून टाकू का?
— एक विद्यार्थिनी, वाघोडिया रोड, बडोदे

अगं, एकही कार्ड पुसू नकोस. वर्षभराची मेहनत आहे ती. शिवाय कुठला शब्द तुला कधी आठवला, कधी अडला, याची सगळी नोंद त्या कार्डांमागे साठलेली आहे. पुढचं कार्ड कोणत्या दिवशी दाखवायचं हे आंकी त्या नोंदीवरूनच ठरवतं. कार्डं राहू देत, फक्त मधल्या भिंती पाडायच्या आहेत.

‘वार’ हा डेक उघडलास की उत्तर सातांपैकी एक असणार, हे पहिलं कार्ड दिसण्याआधीच तुला कळलेलं असतं. डेकच्या नावानंच अर्धं उत्तर सांगून टाकलेलं असतं. मॅडम क्लासमध्ये ‘आता वार विचारते हं’ म्हणत नाहीत. उद्या वॉर्डात पेशंट तर मुळीच म्हणणार नाही. घरी येतं आणि क्लासमध्ये येत नाही, याचं कारण हेच आहे. तुझ्या अभ्यासात काही कमी नाही.

आता मंगळवार आणि गुरुवार. दीन्सटाग आणि दोनर्सटाग. दोन्ही ‘द’नं सुरू होतात, दोन्ही ‘टाग’वर संपतात, दोन्ही वार आहेत आणि दोन्ही तू एकाच संध्याकाळी पाठ केले असणार. एकाच खुंटीवर दोन सारखे सदरे टांगलेत. अंधारात हात घातला की कुठला हाती लागेल सांगता येत नाही. कोपर आणि गुडघ्याचंही तेच. अर्थानं जवळचे असलेले शब्द एकदम शिकायला घेतले की ते एकमेकांना धरून ठेवण्याऐवजी ढकलतात.

यावर प्रयोगही झालेले आहेत. थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये आणि पुन्हा १९९७ मध्ये बनावट शब्द तयार केले, त्यांना अर्थ जोडले आणि लोकांना ते शिकायला दिले. शर्ट, जॅकेट, स्वेटर असे एकाच प्रकारचे अर्थ असलेले शब्द शिकायला लोकांना जास्त फेऱ्या लागल्या. बेडूक, तळं, हिरवा, उडी मारणं असे एका चित्रात बसणारे शब्द मात्र सोपे गेले. रॉब वेअरिंग यांनी १९९७ मध्येच जपानी विद्यार्थ्यांबरोबर हे पडताळून पाहिलं. तिथेही एका प्रकारचे शब्द एकत्र शिकणं जडच गेलं.

मला स्वतःला हे कळलं ते मात्र सुपाच्या बशीपुढे बसून. पहिल्यांदा जर्मनीला गेले तेव्हा एका वयस्क बाईंकडे खोली घेतली होती. पोचले त्याच रात्री त्यांनी बटाट्याचं सूप केलं. खोलगट बशी समोर आली, वाफ येत होती, खिडकीच्या काचेवर आतून पाणी धरलं होतं, आणि टेबलावर चमचा नव्हता. माझ्या वहीत त्याचं आख्खं पान होतं : देअर ल्योफल म्हणजे चमचा, दी गाबल म्हणजे काटा, दास मेसर म्हणजे सुरी. देअर म्हणजे तो, दी म्हणजे ती, दास म्हणजे ते, अशी तिन्ही लिंगं एका ओळीत येतात म्हणून मी ते त्रिकूट मुद्दाम एकत्र पाठ केलं होतं. परीक्षेत त्याचे गुणही मिळाले होते. त्या रात्री मी ‘गाबल’ मागितला. बाईंनी काटा आणून दिला. मी पुन्हा आठवून ‘मेसर’ म्हटलं, सुरी आली. त्या बाईंना मला काय हवंय ते कळेपर्यंत सूप निवलं. ल्योफल हा शब्द मी त्यानंतर कधी विसरले नाही. आज तो काटा-सुरीच्या शेजारी नाही. त्या वाफेच्या, बटाट्यांच्या आणि पाणावलेल्या काचेच्या शेजारी आहे.

म्हणून गट करायचे, जरूर करायचे, पण प्रसंगाचे. ‘हॉस्पिटल’ हा प्रसंग नव्हे, ती इमारत झाली. तिच्यात लिफ्टपासून लिंबू-सरबतापर्यंत काहीही बसेल. तुझ्या कामातला एक प्रसंग घेऊन बघू.

रात्रीचे दोन वाजलेत. सात नंबरच्या खोलीतल्या आजोबांनी बेल वाजवली, दी क्लिंगल. तू आत गेलीस. उशी सरकलेली आहे, दास किसन. पांघरूण खाली पडलंय, दी देके. त्यांना तहान लागलीय, देअर दुर्स्ट. उशाशी ग्लास आहे, दास ग्लास, पण हात पोचत नाही, कारण खांदा दुखतोय. खांदा दी शुल्टर, दुखणं देअर श्मेर्त्स. तू विचारतेस, ‘हाबन झी श्मेर्त्सन?’, दुखतंय का? त्यांना उठायचंय, आउफश्टेएन. तू आधार देतेस, श्ट्युत्सन. आणि सांगतेस, हळू, लांगझाम.

झाले दहा शब्द. यांतल्या कुठल्याही दोन शब्दांची अदलाबदल होणार नाही, कारण प्रत्येकाचं त्या खोलीत वेगळं काम आहे. आणखी एक बघ. तुझ्या तेवीस डेकांमध्ये क्रियापदं कुठे आहेत? फळं, कपडे, फर्निचर, सगळी नामं. प्रकारांची यादी केली की क्रियापदं आणि ‘हळू’सारखे शब्द नेहमी वाऱ्यावर राहतात, आणि बोलताना माणूस अडतो तो तिथेच. प्रसंग मांडलास की ते आपोआप आत येतात. खांदा या प्रसंगात आला. गुडघा जिना उतरण्याच्या प्रसंगात येऊ दे, कोपर प्लास्टर काढण्याच्या. तिघांची गाठ इतक्यात पडू देऊ नकोस.

आता सॉफ्टवेअरमधलं काम. हे संगणकावर कर, मोबाइलवर किचकट होतं. आधी सिंक करून घे आणि सगळा संग्रह एक्स्पोर्ट करून एक प्रत बाजूला ठेव. मग ‘ब्राउझ’ उघड. डावीकडे एकेक डेक दिसतो. ‘वार’ निवड, त्यातली सगळी कार्डं निवड आणि त्यांना टॅग, म्हणजे ओळखीची चिठ्ठी लाव : प्रकार::वार. मधे दोनदा विसर्ग दिल्यासारखे दोन अपूर्णविराम घातलेस की आंकी त्या टॅगची आपोआप वरची-खालची पायरी करतं. टॅगच्या नावात मोकळी जागा चालत नाही, मोकळी जागा आली की ते दोन टॅग धरतं. दोन शब्द असले तर मधे खालची रेघ घाल. असे तेवीसही डेक टॅगमध्ये उतरले की सगळी कार्डं निवडून ‘चेंज डेक’ कर आणि ‘जर्मन’ या एकाच डेकमध्ये हलव. डेक बदलल्यानं उजळणीची नोंद पुसली जात नाही, त्यामुळे निर्धास्त राहा. जुने गट टॅगच्या रूपानं जागेवर आहेतच. आता त्यांच्यावर नवे टॅग चढव : प्रसंग::रात्रपाळी_बेल, प्रसंग::जिना, असे.

‘उशी’चं उत्तर यातच आलं. आंकीत एक कार्ड एका वेळी एकाच डेकमध्ये राहू शकतं, पण टॅग हवे तितके लागतात. उशीला रात्रपाळीचाही टॅग लाव आणि तुझ्या भाड्याच्या खोलीत सामान लावण्याच्या प्रसंगाचाही. ‘देके’चं मात्र वेगळं आहे. त्याचा अर्थ पांघरूणही होतो आणि छतही. एका कार्डावर दोन अर्थ कोंबू नकोस. दोन कार्डं कर आणि दोन्हींवर छोटं वाक्य घाल. आणि किसन शिकतेस तेव्हा ‘क्युसन’ हा शब्द ऐकून ठेव. त्याचा अर्थ चुंबन घेणं. फरक फक्त ओठांच्या गोलाईचा आहे, पण पेशंटच्या उशाशी उभं राहून तो चुकता कामा नये. अशा कार्डांवर आवाज रेकॉर्ड करून घालच. नुसतं अक्षर वाचून हा फरक कानाला कळत नाही.

शिकताना प्रसंगानुसार शीक, उजळणी मात्र सरमिसळ होऊ दे. चाचणीच्या आदल्या रात्री एखादाच प्रसंग बघावासा वाटला तर ‘कस्टम स्टडी’मध्ये टॅग निवडून तात्पुरता डेक करता येतो, तो संपला की कार्डं आपापल्या घरी परत जातात. हे क्वचित कर. रोज केलंस तर डेकचं नाव पुन्हा उत्तर सांगायला लागेल.

आंकी मुळात दिवसाला २० नवी कार्डं दाखवतं. तू ते सेटिंगमध्ये १० कर, म्हणजे रोज एक प्रसंग. तुझी नर्सिंगची परीक्षा तोंडावर आहे, आणि आज घेतलेला प्रत्येक नवा शब्द पुढचे कित्येक दिवस उजळणीला परत येतो हे लक्षात घे. दीन्सटाग-दोनर्सटागच्या जोडीतला एक सस्पेंड करून, म्हणजे तात्पुरता झोपवून ठेव. तुझा क्लास मंगळवारी असेल तर ‘आम दीन्सटाग हाबे इश दॉइच’, मंगळवारी माझं जर्मन असतं, एवढंच घोळव. तो पक्का झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी गुरुवारला उठव.

एक शेवटचं. शिकून झालेलं कार्ड आठ वेळा चुकलं की आंकी त्याला ‘लीच’ म्हणजे जळू असा टॅग लावतं. दर रविवारी त्या टॅगखालचे शब्द बघत जा. माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी पाहिलंय की जळवा जोडीनं सापडतात. जोडी सापडली की तिला तोड, दोघांना वेगवेगळ्या प्रसंगांत पाठव.

*

बाई, मुलगा नववीत आहे, फ्रेंच शिकतो. त्यानं पाच हजार शब्दांचा तयार डेक डाउनलोड केलाय. विषयवार गट आधीच केलेले आहेत. तयार आहे तर तोच वापरू द्यावा का? त्याच्या मित्राच्या आयफोनवर आंकी विकत घ्यावं लागलं, आमच्याकडे फुकट आलं, हे खरं ॲप आहे ना?
— एक आई, अलकापुरी

खरंच आहे. अँड्रॉइडवरचं आंकीड्रॉइड स्वयंसेवक चालवतात आणि ते मोफत आहे, संगणकावरचंही मोफत. आयफोनवरच्याला पैसे पडतात.

तयार डेक कोठार म्हणून ठेवा. सगळी कार्डं एकदम सस्पेंड करायला सांगा आणि शाळेत जो धडा चालू आहे त्यातले शब्द तेवढे त्यातून उठवायचे. उठवताना त्यानं स्वतः टॅग लावायचा आणि स्वतःचं एक वाक्य घालायचं. दुसऱ्यानं केलेल्या गटात त्या दुसऱ्याच्या आयुष्यातले प्रसंग असतात. तुमच्या मुलाचे प्रसंग म्हणजे रिक्षातून शाळा, क्रिकेट, मधल्या सुट्टीतला डबा. ते त्यालाच मांडावे लागतील, आणि मांडताना निम्मे शब्द पाठ होतात.

*

बाई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त संस्कृत शिक्षक, वय ७४. वडिलांनी पहाटे उठवून अमरकोश म्हणून घेतला, संस्कृतचा हा श्लोकबद्ध शब्दकोश आजही मुखोद्गत आहे. त्यात दिग्वर्ग, कालवर्ग, वनौषधिवर्ग, सिंहादिवर्ग असे वर्गच आहेत. म्हणजे एका प्रकारचे शब्द एकत्र. शतकानुशतकं मुलं असेच शब्द शिकली. मग आपलं म्हणणं कसं पटावं? आपण परक्यांच्या प्रयोगांवर विसंबून घरचा अनुभव टाकून देता, असं वाटलं.
— एक वाचक, रावपुरा

सर, नमस्कार. आपलं पत्र मी दोन-तीनदा वाचलं आणि कपाटातला अमरकोश काढून बसले. आपला आक्षेप मोलाचा आहे. त्यामुळे मला माझं वाक्य दुरुस्तही करावं लागणार आहे.

अमरकोशात वर्ग आहेत हे खरं. पण ते शब्द धरून ठेवतो कोण? छंद. एक शब्द दुसऱ्याला ओढत आणतो. आपल्याला मधलाच एखादा शब्द विचारला तर आपणही ओळीच्या सुरुवातीला जाऊन म्हणत म्हणत तिथवर येत असाल. माझे वडील तसंच करायचे. बोटांवर अक्षरं मोजत यायचे आणि हव्या त्या शब्दाशी थांबायचे. अनुष्टुभ छंदाच्या त्या दोऱ्यात शेजारचे मणी एकमेकांवर आपटत नाहीत, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली असते. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा दोराच नसतो. तिथे शब्द एकटा, क्रम मोडून, अचानक समोर येतो. क्रम मोडणं हेच त्या यंत्राचं काम आहे. दोरा काढून घेतल्यावर शब्दांना दुसरं काहीतरी धरायला द्यावं लागतं, आणि माझ्या मते ते म्हणजे प्रसंग.

दुसरी गोष्ट, अमरकोशाच्या एका वर्गात बहुतेक ठिकाणी एकाच वस्तूची अनेक नावं येतात. देवाला किती शब्द, पाण्याला किती, पृथ्वीला किती. तिथे एकाऐवजी दुसरा आठवला तरी अर्थ बिघडत नाही. काट्याऐवजी चमचा आठवला तर बिघडतो.

घरचाच दाखला द्यायचा तर मी राज्यव्यवहारकोशाचा देईन. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं तयार झालेल्या त्या कोशात दरबारातल्या फारसी-यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, आणि त्यांचे दहा वर्ग केले : राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग. ही विभागणी बघताना मला नेहमी वाटतं की करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणसं होती. गडावरच्या कारकुनाला कुठले शब्द लागतील, फडावर लिहिणाऱ्याला कुठले, पेठेत वसुली करणाऱ्याला कुठले. एखाद्या नर्सनं ‘रात्रपाळी’ हा वर्ग करणं त्याच वाटेनं जाणारं आहे.

आणि अमरकोशाचं एक ऋण मी मोकळेपणानं मान्य करते. त्याचं खरं नाव नामलिंगानुशासन. नामाबरोबर लिंग सांगितल्याशिवाय तो पुढे जात नाही. जर्मन शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत आले : लिंगाशिवाय नाम लिहिलंत तर ते कार्ड अर्धं आहे.

आता दुरुस्ती. प्रकारवार यादी कधीच करू नका, असं मी म्हणायला नको होतं. पहिल्या भेटीत करू नका, असं म्हणायला हवं होतं. शब्द वेगवेगळ्या प्रसंगांतून ओळखीचे झाले, एकेकटे भेटले तरी ओळखू यायला लागले, की मग त्यांना एका वर्गात बसवून पाहावं. तेव्हा गोंधळ होत नाही, उलट कोपर आणि गुडघा यांतला फरक ठसतो. विद्यार्थिनीला जुने टॅग ठेवायला सांगितलं ते म्हणूनच.

आपल्याला हे सॉफ्टवेअर वापरून बघायचं असेल तर त्यात ‘क्लोझ’ नावाचा कार्डाचा प्रकार आहे. आख्खा श्लोक लिहायचा आणि एकच शब्द झाकायचा. ओळ, छंद, क्रम सगळं डोळ्यांपुढे राहतं. एका श्लोकातून आठ-दहा कार्डं निघतात. डेमियन एल्म्स यांनी हे सॉफ्टवेअर २००६ मध्ये काढलं ते स्वतःला जपानी शिकायचं होतं म्हणून, आणि ‘आंकी’ या जपानी शब्दाचा अर्थ पाठांतर असाच आहे. आपल्या वडिलांची पहाट आणि हे यंत्र फार लांब नाहीत.

*

बाई, माझं वय ६७. लेक म्युनिकला असते, तिच्या बाळंतपणाला तीन महिने जाते आहे. जावयांनी मोबाइलवर ॲप घालून दिलंय, पण अक्षर बारीक आणि बटणं फार. मला भाषा नाही शिकायची. स्वयंपाक आणि दुकान एवढ्यापुरते शब्द हवेत. देअर-दी-दासनं डोकं फिरतं. काय करू?
— एक आजी, दांडिया बाजार

ताई, अभिनंदन. ॲप राहू द्या. आधी देअर-दी-दासची भीती काढते, कारण ती तुम्हाला असायचं कारणच नाही. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. हिंदीत ‘ते’ नाही, इंग्रजीत वस्तूंना लिंगच नाही; त्या लोकांना हे नव्यानं शिकावं लागतं. तुम्ही तर बडोद्याच्या, गुजरातीतही तीन लिंगं. घरी तो चहा होतो आणि खाली लारीवर गेलं की ती चा होते, आणि तुमची जीभ न चुकता दोन्हीकडे बरोबर वळते. एकच वस्तू दोन भाषांत दोन लिंगांची असू शकते, हे तुम्ही आयुष्यभर वापरत आलात. जर्मन ही तिसरी. तिथे देअर टे, म्हणजे घरच्यासारखा तो चहा.

स्वयंपाकघरात उभ्या राहा आणि डबे बघा. पीठ, मीठ, तेल, पाणी, अंडं. मराठीत सगळी ‘ते’. जर्मनमध्ये दास मेल, दास झाल्त्स, दास ओल, दास वासर, दास आय. पाचही ‘दास’, म्हणजे ‘ते’च. हे पाच फुकटात झाले. चमचा तो, देअर ल्योफल. हळद ती, दी कुर्कुमा. तांदूळ तो, देअर राइस. पिशवी ती, दी ट्युटे. हेही जुळले.

जे जुळत नाहीत त्यांच्यावरच कष्ट घ्यायचे. दूध आपलं ते, त्यांची ती : दी मिल्श. लोणीही आपलं ते, त्यांचं बायकी : दी बुटर. साखर आपली ती, त्यांचा तो : देअर त्सुकर. बटाटा आणि कांदा आपले तो, त्यांच्या दोन्ही ती : दी कार्टोफल, दी त्स्वीबल. बटाटा-कांदा मात्र एकाच दिवशी घेऊ नका, वरचं पहिलं पत्र वाचलंत तर कारण कळेल. बटाटा सुपाबरोबर घ्या, कांदा फोडणीबरोबर.

ॲपऐवजी कागदाच्या चिठ्ठ्या करा. पूर्वी असंच करत. सेबास्टियन लाइटनर या जर्मन गृहस्थांनी १९७२ मध्ये खोक्याची पद्धत पुस्तकात मांडली, आजच्या या ॲप्समागचा विचार तोच आहे. मिठाईचा रिकामा खोका घ्या, पुठ्ठा घालून तीन कप्पे करा. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. बरोबर आली की दुसऱ्यात, तो तीन दिवसांनी. पुन्हा बरोबर आली की तिसऱ्यात, तो आठवड्यानं. चुकली की कुठूनही परत पहिल्यात. एका बाजूला मराठी मोठ्या अक्षरात, दुसऱ्या बाजूला देवनागरीतच जर्मन. तो निळ्या पेनानं, ती लाल, ते हिरव्या. रोज पाच चिठ्ठ्या पुरेत.

दुकानाचा प्रसंग वेगळा करा : पिशवी, सुटे पैसे, पावती, ‘किती झाले’, ‘हे नको’. पिशवी घरूनच न्यायची. आणि तिथे रविवारी किराणा दुकानं बंद असतात, म्हणून शनिवार हा वार सगळ्यात आधी शिका. झाम्सटाग, तो, निळ्या पेनानं. बाकीचे वार तूर्त नकोत.

जायच्या आधी महिनाभर इथल्याच डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवा. साखरेच्या डब्यावर ‘देअर’ जरा मोठं लिहा, दुधाच्या पातेल्याच्या फळीवर ‘दी’. बाळंतिणीसाठी काय काय करणार आहात, डिंक, अळीव, खसखस, त्याची यादी पत्रानं पाठवा. समोर जर्मन नाव आणि तो-ती-ते भरून परत पाठवते.